अडीच तारे आणि दादरची अकरा तिकिटं

कौटुंबिक मराठी सिनेमा लागला की शुक्रवारी सकाळी मावशीचा फोन ठरलेला. ती दादरला राहते, आणि तिच्या भिशीच्या गटाने कुठला पिक्चर बघायचा हे ठरवण्याचं काम तिच्याकडे आहे. मी पेपर उघडून बसलेला असतो.

"कसा आहे रे?"

"अडीच स्टार दिलेत."

"स्टार राहू देत. रडायला येतं का?"

हा प्रश्न परीक्षणात कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तरही सापडत नाही. मागच्या खेपेला तर सोमवारी तिचा पुन्हा फोन आला. कुठल्या तरी व्हिडिओत सांगत होते की पिक्चर सुपरहिट, तीन दिवसांत चार कोटी. मग पेपरवाले अडीच का देतात? दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, आणि 'चार कोटी' या दोन शब्दांच्या पोटात तीन-चार निरनिराळे आकडे दडलेले असतात. मावशीला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे सावकाशीने सांगतो.

आधी पैशाचं बघू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे.

समजा तुम्ही मल्टिप्लेक्सचं २३६ रुपयांचं तिकीट काढलं. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. राहिले २०० रुपये. २३६ ला ट्रेडच्या, म्हणजे सिनेमा-धंद्याच्या, भाषेत ग्रॉस म्हणतात आणि २०० ला नेट. ऑनलाइन बुकिंग करताना वर लागते ती सुविधा फी या हिशेबात येतच नाही, आणि मध्यंतरातल्या पॉपकॉर्नचा पैसा तर सगळा थिएटरचा. आता या २०० रुपयांतले साधारण निम्मे थिएटर ठेवून घेतं. सिनेमा थिएटरांना पुरवणाऱ्या वितरकाच्या हाती शंभरेक रुपये येतात, त्याला 'शेअर' म्हणायचं. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च आणि डिजिटल प्रक्षेपणाची फी वजा झाली की उरेल ते निर्मात्याचं. थोडक्यात, तुम्ही दिलेल्या २३६ रुपयांतून सिनेमा बनवणाऱ्याच्या घरी शंभराच्या आतच काहीतरी पोचतं.

पोस्टरवर मात्र छापतात ग्रॉस, कारण तोच आकडा सगळ्यात मोठा. निर्मितीला पाच कोटी आणि प्रसिद्धीला दोन कोटी लागलेल्या सिनेमाने पावणेबारा कोटी ग्रॉस केलं, तर अभिनंदनाचे हार पडतात. हिशेबात नेट दहा कोटी, शेअर पाच कोटी आणि थिएटरपुरता तोटा दोन कोटींचा. तो भरून निघतो टीव्ही आणि ओटीटीच्या हक्कांतून, जमलं तर सरकारी अनुदानातून. म्हणून पार्टी झाली आणि पुढच्या सिनेमाला पैसा नाही, असं चित्र आपल्याकडे नवीन नाही.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना आणखी एक खाचखळगा लागतो. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्याआधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, म्हणजे ग्रॉस आणि नेट यांत फरक जवळपास नव्हताच. त्यामुळे २०१६ चे दहा कोटी आणि २०२३ चे दहा कोटी शेजारी ठेवण्याआधी नेट की ग्रॉस हे विचारावं लागतं. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मुंबईच्या मल्टिप्लेक्सात रविवारी संध्याकाळी शंभराच्या आतलं तिकीट शोधून दाखवावं, त्याला मी माझ्याकडून समोसा देईन. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या थिएटरांना मात्र याचा उपयोग आहे.

हे आकडे येतात कुठून? पूर्वी लॅमिंग्टन रोडवरची नाझ बिल्डिंग म्हणजे वितरकांचा बालेकिल्ला. शुक्रवारी पहिल्या खेळाचा भरणा किती झाला ते तिथे आधी कळायचं आणि दुपारपर्यंत जिन्यावरच निकाल लागायचा. आता प्रत्येक थिएटरचा रोजचा कलेक्शन रिपोर्ट संगणकावर येतो. पण तो वितरकाकडे येतो, तुमच्या-आमच्याकडे नाही. आपल्यापर्यंत पोचतो तो निर्मात्याने जाहीर केलेला आकडा किंवा ट्रेड विश्लेषकाने बांधलेला अंदाज. सर्वांनी मान्य करावा असा एकच सरकारी तक्ता आपल्याकडे नाही. म्हणून एकाच सिनेमाचे तीन आकडे फिरताना दिसले तर लगेच लबाडीचा वास घ्यायला नको. एक ग्रॉस असेल, एक नेट, आणि तिसऱ्यात परदेशातली कमाई धरलेली असेल. लबाडीही असते, नाही असं नाही. स्वतःच तिकिटं घाऊक विकत घेऊन शो 'फुल्ल' दाखवण्याचे किस्से या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत.

आणि 'मुंबईची कमाई' हा शब्द वाचलात तर तो कुलाबा ते दहिसर एवढाच घेऊ नका. हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाची वाटणी सर्किटांत, म्हणजे वितरणाच्या विभागांत, केलेली आहे आणि तो नकाशा अजून संस्थानांच्या काळातला आहे. मुंबई सर्किटमध्ये गोवा, गुजरात आणि कर्नाटकाचा काही भागसुद्धा मोडतो. उलट मराठवाडा निजाम सर्किटमध्ये आणि विदर्भ सी.पी. बेरारमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. महाराष्ट्र राज्य होऊन साठ वर्षं उलटली, पण वितरकाच्या वहीत औरंगाबाद अजून हैदराबादच्याच पानावर आहे.

आता कौटुंबिक सिनेमाकडे येतो, कारण त्याची चाल इतर सिनेमांपेक्षा वेगळी असते.

ॲक्शनपट किंवा मोठ्या हिरोचा सिनेमा बघायला जायचं एकटा माणूस ठरवतो. कॉलेजातला पोरगा मित्राला मेसेज टाकतो आणि सहाच्या शोला दोघं हजर. कौटुंबिक सिनेमाचं तिकीट असं एकट्याच्या मर्जीवर निघत नाही. तिथे घर ठरवतं. आजीला जिना चढवेल का, धाकट्याची परीक्षा कधी, सुनेला सुट्टी आहे का, परतताना बदलापूर लोकलमध्ये बसायला मिळेल का, एवढ्या चाळण्यांतून निर्णय खाली पडतो. तो शुक्रवारी पडणं शक्यच नाही. आधी कुणीतरी बघून यावं लागतं, त्याने लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, देवळाच्या पायरीवर सांगावं लागतं. याला ट्रेडवाले 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात. पण एकदा घराने ठरवलं की एक तिकीट जात नाही, पाच जातात.

म्हणून अशा सिनेमाचा शुक्रवारचा आकडा बघून निकाल देणं म्हणजे डाळ शिजत घातल्याबरोबर आमटीची चव सांगण्यासारखं आहे. बघायचा असतो तो सोमवार. रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी कमाई किती खाली आली? ती शुक्रवारएवढी टिकली तर माणसं चांगलं बोलताहेत. त्याहून महत्त्वाचा दुसरा रविवार. पहिल्या रविवारपेक्षा तो मोठा निघाला तर मग पोस्टरवर काय छापलंय याला महत्त्व उरत नाही.

३० जून २०२३ ला आलेला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' याचं अलीकडचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, नाव घ्यायला हिरो कुणी नाही. पहिल्या तीन दिवसांत साधारण साडेसहा कोटी जमले. मग दुसऱ्या रविवारी, ९ जुलैला, एकाच दिवसात सहा कोटींच्या आसपास! म्हणजे पहिले तीन दिवस मिळून जेवढं, जवळपास तेवढं एका दिवसात. नऊवारी नेसून, नथ घालून बायकांचे गट थिएटरात जात होते, पडद्यासमोर फुगड्या घालत होते. निर्मात्यांच्या जाहीर आकड्यांप्रमाणे एकूण कमाई पंचाहत्तर कोटींच्या पुढे गेली. पहिल्या वीकेंडच्या अकरा-बारा पट. मोठ्या हिंदी सिनेमांना पहिल्या वीकेंडच्या तिप्पट झाली तरी वितरक समाधानी असतो, यावरून अंदाज करा.

या बायका एरवी थिएटरात जात नव्हत्या, हे लक्षात घ्या. प्रेक्षक कमी झाला असं जे दहा वर्षं ऐकत होतो, त्यात मोजलाच न गेलेला हा प्रेक्षक होता. सकाळचा डबा आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्यामधल्या चार तासांत बसणारा शो मिळाला की तो बाहेर पडतो. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्या, असं सरकारने २०१५ साली म्हटलं तेव्हा आधी संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ होती. विरोध झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस झाली. तेव्हा ती माघार म्हणून बरीच टीका झाली, मीही केली होती. आज वाटतं, कौटुंबिक सिनेमासाठी बुधवारचा साडेबाराचा शो हाच खरा प्राइम टाइम असावा. भिशीच्या बायकांना विचारा.

पण सावकाश चढणाऱ्या सिनेमाच्या वाटेत एक काटा आहे. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाटणीवरून दोन महिने संप चालला. तडजोड अशी झाली की नेटमधला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. मराठीतले सौदे वेगळे होऊ शकतात, पण ही उतरंड समजून घेण्यासारखी आहे. दोन सिनेमे घ्या, दोघांचंही नेट दहा कोटी. पहिल्याने आठवड्यांप्रमाणे सात, दोन, एक असे कमावले. त्याचा शेअर होतो पावणेपाच कोटींच्या थोडा खाली. दुसरा दोन, तीन, तीन, दोन असा चढत-टिकत गेला. त्याचा शेअर बरोबर चार कोटी. लोकांनी सारखाच पैसा दिला, साडेबहात्तर लाख रुपये मात्र दुसऱ्याच्या निर्मात्याच्या हातातून गेले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याचे प्रेक्षक आजीला विचारून आले.

त्यातही त्याला चार आठवडे टिकू दिलं तर. दर शुक्रवारी नवे सिनेमे येतात, स्क्रीन तेवढेच. पूर्वी एक थिएटर, एक पडदा, एक सिनेमा असा मामला होता. थिएटरवाल्याला पिक्चर चालवायची चिकाटी असायची. लालबाग-परळच्या गिरणगावात भारतमाता होतं, दादरला प्लाझा आणि चित्रा. चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. आठवड्यांत यश मोजायची पद्धत त्याच जगातली आहे: पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. ऑगस्ट १९९४ मध्ये आलेला 'हम आपके हैं कौन' मरीन लाइन्सच्या लिबर्टीत दोन वर्षांहून जास्त चालला. सुरुवातीला मोजक्या थिएटरांत लावायचा, व्हिडिओ बाजारात येऊ द्यायचा नाही आणि कुटुंबांना यायला वेळ द्यायचा, असा राजश्रीवाल्यांचा डाव होता. आज हा डाव कुणाला परवडेल असं वाटत नाही.

त्याच सिनेमाला जाणकारांनी 'लग्नाची व्हिडिओ कॅसेट' म्हणून हिणवलं होतं. चौदा गाणी, खलनायक नाही, गोष्ट दोन ओळींची. आता इथे समीक्षकाची बाजू मांडायला हवी, कारण मावशीच्या दरबारात त्याला वकील नाही.

समीक्षक सिनेमा बघतो तो प्रेस शोला. शेजारी बसलेले दुसरे समीक्षक, तेही गप्प. त्याला उत्तर द्यायचं असतं ते सिनेमा कसा केलाय याचं. पटकथा मध्यंतरानंतर सैल पडते का, पार्श्वसंगीत आपल्याला ढकलून रडवतं का, सासू अचानक शेवटच्या दहा मिनिटांत देवमाणूस का होते. हे प्रश्न रास्त आहेत. मी स्वतः असे सिनेमे बघताना या जागांवर अडखळतो. पण थिएटरात आठशे माणसं एकदम हुंदका देतात तेव्हा सासूचं हृदयपरिवर्तन तर्कात बसतं की नाही हे मागे पडतं, आणि तो हुंदका प्रेस शोमध्ये नसतो. १९९१ चा 'माहेरची साडी' हा याचा कळस. अलका कुबल यांच्या त्या भूमिकेची शहरी सुशिक्षितांनी आजवर चेष्टाच केली, आणि गावोगावच्या बायका ट्रॅक्टर-टेम्पो करून रुमाल भिजवायला गेल्या. दोघांनी सिनेमा एकच पाहिला, गेले होते मात्र वेगवेगळ्या कामाला.

म्हणून समीक्षकांना घरातल्या गोष्टीचं वावडं आहे असं मात्र नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक म्हणजे सुवर्णकमळ; मराठीतलं पहिलं 'श्यामची आई'ला, दुसरं जवळजवळ पन्नास वर्षांनी 'श्वास'ला. एक आई आणि मुलाची गोष्ट, दुसरी आजोबा आणि नातवाची. दोन्ही अगदी घरातल्याच. 'श्वास' २००४ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला तेव्हा तिथल्या प्रचाराचा खर्च निघावा म्हणून लोकांनी वर्गणी दिली. म्हणजे समीक्षकाने डोक्यावर घेतलेला सिनेमा लोकांनीही उचलला, असंही घडतं. समीक्षकाला खटकतं ते कुटुंब नव्हे, ढोल वाजवून काढलेलं पाणी. मावशीला ते ढोलासकट चालतं. मला अर्ध्या ढोलापर्यंत चालतं.

ताऱ्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. 'अडीच' हा मुळात आकडाच नाही, ती सभ्यता आहे. वाईट म्हणायचं नाही आणि चांगलं म्हणवत नाही, तेव्हा अडीच. मराठी सिनेमाला तर आणखी अर्धा तारा 'आपलाच आहे' म्हणून मिळतो. त्यामुळे तारे सोडून शेवटून दुसरा परिच्छेद वाचायचा, ही माझी पद्धत. समीक्षकाच्या मनातलं तिथे सापडतं. पहिला परिच्छेद प्रस्तावनेत जातो आणि शेवटचा 'एकदा पाहायला हरकत नाही' या वाक्यात.

तिसरा न्यायाधीश म्हणजे तिकीट ॲपवरचे आणि आयएमडीबीवरचे गुण. तिथे मत देतो कोण? हातात फोन घेऊन घरी पोचायच्या आत मत टाकणारा. सहा जणांच्या कुटुंबात तिकिटं काढणारा मुलगा एक, गुण देणारही तोच. आजीचं मत देवळाच्या पायरीवरच नोंदवलं जातं. पहिल्याच दिवशी दहापैकी साडेनऊ दिसले तर त्यात निर्मात्याची मित्रमंडळी किती, हेही मनाशी धरावं.

एक आकडा मात्र मला मनापासून आवडतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही: किती माणसं आली. ट्रेडमध्ये याला फुटफॉल म्हणतात. रुपये तिकिटाच्या दराबरोबर फुगतात, माणसं फुगत नाहीत. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्सनी तिकीट ७५ रुपये ठेवलं, तेव्हा मल्टिप्लेक्स संघटनेच्या सांगण्यानुसार ६५ लाखांच्या आसपास लोक एका दिवसात आले. तोच सिनेमा, तीच खुर्ची, फरक फक्त तिकिटात. पाच जणांच्या घराला मुंबईत एक सिनेमा, जाणं-येणं आणि मध्यंतराचं खाणं धरून दोन हजारांना पडतो. कौटुंबिक सिनेमा चालत नाही म्हणताना हा हिशेब करणारा एखादा निर्माता मला अजून भेटायचा आहे.

तर मागच्या त्या सिनेमाचं, अडीच तारेवाल्याचं, पुढे काय झालं ते सांगतो. मावशीच्या गटातली एक जण पहिल्या बुधवारी दुपारी बघून आली. "रडले गं," म्हणाली. झालं. मावशीने गुरुवारी रात्री सगळ्यांना फोन केले, कोण येणार कोण नाही ते ठरलं, गुडघेदुखीवाल्या दोघींसाठी लिफ्ट असलेलं थिएटर निवडलं, आणि शुक्रवारी सकाळी मला सांगितलं, पुढच्या मंगळवारची अकरा तिकिटं काढ, एका रांगेत.

मी ॲप उघडलं. नवा हिंदी सिनेमा लागला होता. दादरच्या आसपास या पिक्चरचा एकच शो उरला होता, रात्री सव्वादहाचा.

"सव्वादहा?" मावशी म्हणाली. "कुलकर्णीबाई कल्याणला जाणार कशी?"

अकरा तिकिटं निघाली नाहीत. रविवारी पेपरात आलं की दुसऱ्या आठवड्यात सिनेमाचा प्रतिसाद ओसरला.